उघड, पण कोणाला?

पेटंट हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की त्याचा मूळ अर्थ आपण जवळजवळ विसरलो आहोत. एखादा वक्ता दर सभेत तोच विनोद सांगू लागला म्हणजे आपण म्हणतो, 'हा याचा पेटंट विनोद.' औषधाच्या दुकानातली तयार बाटली म्हणजे पेटंट औषध. सरकारी मराठीने 'एकस्व' असा एक चांगला शब्द दिला आहे, पण तो कचेरीच्या उंबऱ्याबाहेर फारसा पडलेला नाही. आम्ही येथे ज्या पेटंटाविषयी लिहीत आहो ते म्हणजे एक सनद. ज्याने नवी वस्तू किंवा नवी कृती शोधून काढली, त्याने ती कशी करावयाची हे लिहून जगापुढे मांडावे. त्या मोबदल्यात अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षे त्याच्या परवानगीवाचून दुसऱ्याने ती करू नये, विकू नये. असा हा सौदा आहे. यातला एक पक्ष शोध लावणारा, आणि दुसरा पक्ष आपण सर्व.

सौदा म्हटला की माल पारखून घेतला पाहिजे. कायद्याने त्यासाठी तीन कसोट्या ठेवल्या आहेत. वस्तू नवी असावी, ती उद्योगात करता येण्यासारखी असावी, आणि ती उघड नसावी. पहिल्या दोन त्यातल्या त्यात सोप्या आहेत. तिसरीवर मात्र वकिलांची घरे चालतात. शोध उघड करून सांगावा लागतो, पण तो उघड असता कामा नये! ही काही शब्दांची कोटी नव्हे. या एका शब्दावर वीस वर्षांची मक्तेदारी उभी राहते किंवा कोसळते.

उदाहरणासाठी आम्ही पाण्याची गाळणी निवडली, याला कारण आहे. आपल्या रत्नागिरीला पाऊस तीन हजार मिलिमीटरांच्या वर पडतो, आणि वैशाखात वाडीवाडीवर हंडे रांगेला लागतात. जांभा हा दगडच सच्छिद्र. पडलेले पाणी तो धरून ठेवत नाही. पावसाळ्यात गढूळ आणि उन्हाळ्यात तळाचे, असे पाणी पिणाऱ्या माणसाला गाळणी ही चैन नाही. त्या गाळणीच्या आतली वडी एकाच कंपनीची असली तर तिची किंमत तीच कंपनी ठरविणार. दुसऱ्या बाजूने, कोणी खरोखर दहा वर्षे खपून चांगली वडी तयार केली आणि दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांनी उचलली, तर पुन्हा कोण खपेल? कामगार चळवळीत आयुष्य घालविलेल्या माणसाने पेटंटाला सरसकट शिव्या द्याव्या अशी काहींची अपेक्षा असते. आम्हाला ते मान्य नाही. श्रमाचे मोल मागणाऱ्याने बुद्धीच्या श्रमाचे मोल नाकारावे हे बरे दिसत नाही. प्रश्न इतकाच की श्रम झाले आहेत की नाहीत, आणि झाले असतील तर ते कोणाचे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. उघड म्हणजे कोणाला उघड? पेटंटाच्या अधिकाऱ्याला? न्यायाधीशाला? मोठ्या शास्त्रज्ञाला? कायद्याचे उत्तर ऐकून आम्हाला प्रथम आश्चर्य वाटले आणि मग आनंद झाला. कायदा म्हणतो, त्या कामातल्या साध्या जाणकार माणसाला. थोडक्यात, कसबी कारागिराला.

ही कल्पना जुनी आहे. 1851 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे दाराच्या मुठींचा एक खटला आला होता. मुठी तोवर लाकडाच्या व धातूच्या होत. कोणी एकाने त्या चिनी मातीच्या केल्या आणि पेटंट घेतले. मूठ दांड्याला पक्की बसविण्याची युक्ती जुनीच होती, बदलला होता फक्त माल. न्यायालय म्हणाले, चांगला माल निवडणे हे कुशल मिस्त्रीचे काम आहे, शोधकाचे नव्हे. आपल्याकडचा गाजलेला खटला मिर्झापूरच्या भांड्यांचा. पितळी भांडे लेथवर चढवून तासताना ते एकाच बाजूने धरलेले असे. त्यामुळे ते मधूनच सुटून उडे आणि कामगाराला इजा होण्याची भीती असे. एका कारखानदाराने समोरच्या बाजूनेही दाब देऊन भांडे घट्ट धरण्याची पद्धत काढली आणि 1951 मध्ये पेटंटाचा अर्ज केला. अलाहाबादच्या उच्च न्यायालयात एका न्यायमूर्तींनी ते रद्द केले, दोघांनी मिळून ते उचलून धरले, आणि अखेर 13 डिसेंबर 1978 रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ते रद्दच ठरविले. फिरती वस्तू दोन्ही टोकांनी धरणे ही लेथवर काम करणाऱ्याला ठाऊक असलेली गोष्ट आहे; कारखान्यातली नित्याची सुधारणा म्हणजे शोध नव्हे, असा त्या निकालाचा आशय. (सत्तावीस वर्षे लागली! त्या वेळच्या कायद्याने पेटंटाची मुदत सोळाच वर्षांची होती. असो.)

आपला आजचा कायदा 1970चा. 2005 साली त्यात मोठी दुरुस्ती झाली, आणि तेव्हापासून त्यातली शोधक पावलाची व्याख्या अशी आहे. आधीच्या ज्ञानाच्या तुलनेने तांत्रिक प्रगती हवी, किंवा आर्थिक महत्त्व हवे, किंवा दोन्ही. आणि शिवाय त्या विषयातल्या जाणकाराला ती गोष्ट उघड नसावी. त्यातले 'आर्थिक महत्त्व' हे शब्द पाहून काहींना वाटते की माल खपला म्हणजे शोध झाला. ते खरे नव्हे. शेवटची अट कोणालाच चुकत नाही.

तेव्हा सगळी मदार या जाणकारावर. तो खरा माणूस नाही, कायद्याने कल्पिलेला आहे. आपल्या धंद्यात जे जे छापून वा वापरून लोकांपुढे आले ते सर्व त्याला ठाऊक, अशी कायद्याची समजूत असते. मात्र तो प्रतिभावंत नाही. त्याचबरोबर तो लाकडी बाहुलाही नाही. 2007 साली अमेरिकेच्या त्याच न्यायालयाने सांगितले की या माणसाला साधारण कल्पकताही असते, दोन माहीत असलेल्या वस्तू जोडून पाहण्याइतकी. आम्ही म्हणू, हा माणूस आम्ही पाहिला आहे. तो सकाळच्या पाळीला असतो.

आता त्याच्या डोळ्यांनी एक दावा तपासू. दावा आमच्या कल्पनेतला आहे. असाच एखादा कोणी केला असेल तर आमचा रोख त्याच्यावर नाही. समजा अर्जदार म्हणतो: 'नारळाच्या करवंटीपासून केलेल्या सक्रिय कोळशाचे ठराविक जाडीचे कण प्लास्टिकच्या भुकटीबरोबर साच्यात घालून, तापवून बांधलेली सच्छिद्र वडी, जिच्यातून पंपावाचून, नुसत्या आपल्या वजनाने पाणी उतरते.'

पहिले काम म्हणजे दाव्याचे तुकडे करणे, आणि प्रत्येक तुकडा जाणकाराला अर्जाच्या तारखेपूर्वी माहीत होता का हे पाहणे. अर्जाच्या तारखेपूर्वी, हे विसरू नये. आज माहीत असून उपयोग नाही.

सच्छिद्र पदार्थ पाणी गाळतो ही गोष्ट कोणालाही नवी नाही. माठ घ्या. कुंभार मातीत लीद किंवा भुसा कालवतो. भट्टीत ते जळून जाते आणि त्याच्या जागी भोके राहतात. म्हणून माठ पाझरतो आणि पाणी गार होते. भुसा किती घातला म्हणजे माठ किती पाझरेल हे कुंभाराच्या हाताला कळते. पॅरिसला पाश्चरच्या प्रयोगशाळेत शांबरलाँ याने 1884 मध्ये झिलई न दिलेल्या चिनी मातीची नळी जंतू अडविण्यासाठी वापरली, आणि 1891च्या सुमारास जर्मनीत बर्केफेल्ड याने सूक्ष्म शेवाळांच्या कवचांपासून झालेल्या हलक्या मातीच्या मेणबत्त्या केल्या. आपल्या घरातली कँडल याच घराण्यातली. म्हणजे तत्त्व जुने. भोके किती आहेत आणि भोके केवढी आहेत, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही जुनेच. पटकीचा जंतू रुंदीला सुमारे अर्धा मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटराच्या हजाराव्या भागाच्या निम्मा. माठ कितीही पाझरला तरी त्याची भोके त्याहून मोठी असली तर जंतू सुखाने पलीकडे जाईल.

कोळसा हा दुसरा तुकडा. करवंटीचा कोळसा कठीण आणि आतून अतिसूक्ष्म छिद्रांचा. पहिल्या महायुद्धात विषारी वायूपासून बचाव करणाऱ्या मुखवट्यांत तो भरीत. चांगल्या सक्रिय कोळशाच्या एका ग्रॅमच्या आतला पृष्ठभाग पसरला तर हजार चौरस मीटरांच्या घरात भरतो. आपल्या हिशेबाने एका चिमटीत दहा गुंठे! तेव्हा पाण्यासाठी करवंटीचा कोळसा निवडणे यात शोधक पाऊल नाही.

कणांची जाडी हा तिसरा तुकडा. येथे अर्जदार पुष्कळदा आकड्यांची आरास मांडतो: अमुक चाळणीतून जाणारे इतके टक्के, तमुक चाळणीवर राहणारे इतके. आकडे पाहून माणूस दबून जातो. पण चाळणीपाशी उभ्या असलेल्या कामगाराला विचारा. कण बारीक केला तर पाणी जास्त स्वच्छ होईल पण हळू उतरेल. जाड केला तर झरझर उतरेल पण घाण सोडील. कण निम्म्याने बारीक केला की पाण्याचा वेग साधारण चौथाईवर येतो. यांत मधला सोयीचा आकार शोधणे म्हणजे चार चाळण्या लावून चार वेळा पाहणे. हे कष्टाचे काम आहे, चिकाटीचेही आहे, पण कोणता प्रयोग करावा हे ज्याला आधीच माहीत आहे त्याला उत्तर सापडणारच. असे आकडे उघडच म्हटले पाहिजेत. अपवाद एकच. त्या विशिष्ट पट्ट्यात काही अनपेक्षित घडत असेल, म्हणजे बारीक करूनही पाणी मंदावत नसेल, तर गोष्ट वेगळी. पण ते अर्जदाराने आकडे देऊन दाखवावे.

खरी मेख चौथ्या तुकड्यात आहे, आणि वाचणारा बहुधा तेथेच घाई करतो. 'प्लास्टिकची भुकटी घालून तापविली, त्यात काय?' त्यात काय, ते पाहू. साधे प्लास्टिक तापले की पातळ होऊन वाहते. ते कोळशाच्या कणांवर पसरते आणि ज्या दहा गुंठ्यांसाठी एवढा खटाटोप केला त्यांची दारेच लिंपून टाकते. वडी घट्ट होते, पण काम करीत नाही. प्लास्टिक कमी घातले तर वडी भुगा होते. या कात्रीतून सुटायचे कसे? अतिशय लांब साखळ्यांचे एक पॉलिथिलीन असते. ते तापल्यावर मऊ रबरासारखे होते, पण वाहत नाही. त्याचा कण कोळशाच्या कणाला जेथे टेकलेला असतो तेथेच चिकटतो आणि बाकीची छिद्रे मोकळी राहतात. हे ज्याने पहिल्यांदा ओळखले, त्याला जाणकाराच्या पुढे एक पाऊल गेलेला म्हणावे लागेल. मात्र असे वितळूनही न वाहणारे प्लास्टिक सच्छिद्र वस्तू बांधायला वापरतात हे आधी छापून आले असेल, तर तेच प्लास्टिक कोळशाला लावणे पुन्हा कारागिराच्या आवाक्यात येते. म्हणजे एकाच दाव्याचा निकाल तारखेवर फिरतो. आणखी एक गोष्ट पाहावी लागते. त्या काळची पुस्तके काय सल्ला देत होती? 'पंप नसेल तर वडी वापरू नका, सुटे दाणेच भरा' असे सगळे सांगत असतील, आणि एकाने तरीही वडी करून ती चालवून दाखविली, तर ती गोष्ट सहजासहजी उघड म्हणता येणार नाही.

येथे एका मोहापासून सावध राहिले पाहिजे. पाठीमागची उत्तरे पाहून गणित सोडविणाऱ्या मुलाला प्रत्येक गणित सोपे वाटते. तुकडे करण्याच्या पद्धतीत हाच धोका आहे. कोणत्याही शोधाचे तुकडे केले तर प्रत्येक तुकडा जुनाच निघतो, शब्दकोशात सगळे शब्द असतात तसा. म्हणून तुकडे ओळखून झाल्यावर दुसरा प्रश्न विचारावा लागतो: ते तुकडे याच रीतीने जोडावे, असे जाणकाराला कशावरून सुचले असते? त्याला कोणती अडचण टोचत होती? ती किती वर्षे टोचत होती? उपाय इतका सोपा होता तर इतकी वर्षे धंद्यातल्या कोणीच तो का केला नाही? प्रतिपक्षाच्या वकिलाने 'उघड, उघड' म्हणून कितीही टेबल आपटले तरी या प्रश्नांची उत्तरे कागदावर मिळाली पाहिजेत.

आणि एक मोह दुसऱ्या बाजूचा आहे, त्याविषयी पुस्तकांत आम्हाला काही वाचायला मिळाले नाही. तो कामगाराच्या स्वभावाचा. आम्ही ज्या कारखान्यांत संघटनेचे काम केले त्यांपैकी एका रसायनांच्या कारखान्यात गाळणयंत्राचे कापड वारंवार तुंबत असे. पाळीवरच्या एका कामगाराने, मूळ शेतकरी घरचा, भाताच्या तुसाची राख पाण्यात कालवून आधी त्या कापडावर तिचा थर बसविला आणि मग माल सोडला. कापड तुंबायचे थांबले. वर्षाच्या अहवालात ती सुधारणा एका साहेबाच्या नावावर गेली. आम्ही भांडायला निघालो तर तो कामगारच म्हणाला, ''जाऊ द्या हो दादा, त्यात काय मोठंसं? कोणालाही सुचलं असतं.'' पण सुचले नव्हते ना! त्याच पाळीला तेच कापड वर्षानुवर्षे धूत असलेल्या कोणाला सुचले नव्हते. काखेत कळसा होता, तो याने पाहिला. आता तांत्रिक जगात गाळणयंत्रावर आधी थर बसविण्याची रीत जुनी आहे, त्यामुळे पेटंट कदाचित मिळाले नसते. तो प्रश्न निराळा. आमचे म्हणणे एवढेच की साक्षीला आलेला कारागीर आपलेच काम कमी करून सांगतो, आणि शिकलेला साक्षीदार आपले काम वाढवून सांगतो. उघडपणाची मोजणी करताना दोघांनाही थोडी वजावट दिली पाहिजे. शिवाय कायद्याने अर्ज करण्याचा हक्क खऱ्या आणि पहिल्या शोधकाला, किंवा त्याने ज्याला हक्क दिला त्याला आहे, आणि पेटंटात शोधकाचे नाव नोंदवून घेण्याचीही सोय 28व्या कलमात आहे. जर्मनीत तर नोकरीत असताना लावलेल्या शोधाचा मोबदला कामगाराला मिळावा म्हणून 1957 पासून स्वतंत्र कायदा आहे. आपल्याकडे तसा नाही. करारावर सही करताना आपली माणसे ते कलम वाचीत नाहीत.

राखेवरून पुण्याची आठवण होते. तेथील टाटांच्या संशोधन केंद्रात भाताच्या तुसाच्या राखेची स्वस्त गाळणी तयार झाली. पुढे त्याच राखेवर चांदीचे अतिसूक्ष्म कण बसवून 'टाटा स्वच्छ' हे साधन डिसेंबर 2009 मध्ये बाजारात आले. समजा कोणी नुसता असा दावा केला: राख आणि चांदी एकत्र. राख गाळते हे माहीत, चांदी जंतू मारते हे माहीत. दोघी शेजारी बसून आपापले काम करीत असतील तर ती मिसळ आहे, आणि नुसत्या मिसळीला पेटंट नाही हे आपल्या कायद्याच्या तिसऱ्या कलमात लिहिलेले आहे. पण चांदी राखेला अशी चिकटवली की ती पाण्याबरोबर वाहून न जाता महिनोन्‌महिने पुरते, आणि ती चिकटविण्याची रीत धंद्यात कोणाला ठाऊक नव्हती, तर दावा त्या रीतीचा होऊ शकतो. दावा कशाचा आहे हे नीट वाचणे, यातच निम्मा निकाल असतो.

या गाळण्यांवरून मुंबईच्या दोन बड्या कंपन्यांचे भांडणही झाले. हिंदुस्थान युनिलिव्हरकडे असलेल्या पाणी शुद्ध करण्याच्या साधनाच्या पेटंटाला टाटा केमिकल्सने आव्हान दिले आणि बौद्धिक संपदा अपील मंडळाने जून 2012 मध्ये ते पेटंट रद्द केले. त्या निकालाची चर्चा झाली ती मुख्यतः आठव्या कलमामुळे. आपल्याच शोधासाठी परदेशांत केलेल्या अर्जांचे काय झाले ही माहिती अर्जदाराने येथील कार्यालयाला द्यावयाची असते, आणि ती पुरी दिली नव्हती असे मंडळाने ठरविले. हे मंडळच 2021 मध्ये बंद झाले. ते काम आता उच्च न्यायालयांकडे आहे. आठव्या कलमाला लोक तांत्रिक बाब म्हणतात. आम्हाला तसे वाटत नाही. दुसऱ्या देशाच्या परीक्षकाने 'हे उघड आहे' म्हणून कोणते जुने कागद काढले हे आपल्या परीक्षकाला कळू नये, यात कोणाचे हित?

आता घराघरातली गोष्ट. हंड्यावर जुने लुगडे बांधून पाणी गाळणे आपल्या आज्या करीत आल्या. बांगलादेशातल्या खेड्यांत अमेरिकन शास्त्रज्ञ रिटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा रीतसर अभ्यास केला. तो 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. सुती साडीच्या घड्या घालून गाळल्यास पटकीचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. जंतू तर अर्ध्या मायक्रॉनचा, आणि घडी घातलेल्या कापडाचे भोक वीस मायक्रॉनांचे. मग तो अडला कसा? तर हा जंतू पाण्यातल्या सूक्ष्म जीवांना चिकटून राहतो, आणि ते जीव कापडात अडकतात. त्यातही नव्यापेक्षा जुनी, धुऊन धुऊन धागे फुललेली साडी चांगली. हे कारण कोणालाच उघड नव्हते. तरी त्यावर पेटंट मिळणार नाही, कारण कृती जुनीच आहे. जुन्या कृतीचे नवे कारण सापडणे ही विद्या आहे, शोधाची सनद नव्हे.

आज्यांच्या विद्येला कायद्यात किंमत आहे काय? हळदीच्या प्रकरणात ती कागदावर दाखवावी लागली. जखमेवर हळद लावण्याबद्दल अमेरिकेत 1995 मध्ये पेटंट दिले गेले. माशेलकरांच्या नेतृत्वाखाली आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुन्या ग्रंथांचे आणि नियतकालिकांचे पुरावे सादर केले आणि 1997 मध्ये ते रद्द करविले. आपला आजचा कायदा त्याच्या पुढे गेला आहे. 25व्या कलमाप्रमाणे स्थानिक समाजात तोंडी चालत आलेले ज्ञानसुद्धा हरकतीला पुरते. पेटंट मिळण्यापूर्वी हरकत कोणीही घेऊ शकतो. कुंभार घेऊ शकतो, कामगार संघटना घेऊ शकते. अर्ज साधारणपणे अठरा महिन्यांनी प्रसिद्ध होतो, आणि त्यानंतर निदान सहा महिने तरी पेटंट दिले जात नाही. 2024च्या नियमांनी अशा हरकतीला शुल्क लावले, ही गोष्ट आम्हाला पसंत नाही. पेटंट मिळून गेल्यावर मात्र ज्याचा संबंध पोहोचतो त्यालाच, आणि एक वर्षाच्या आत, हरकत घेता येते.

हरकत लिहिताना 'हे तर सगळ्यांना ठाऊक आहे' या वाक्याचा काही उपयोग होत नाही. कुंभाराने प्रतिज्ञापत्रात लिहावे की आमच्या आळीत मातीच्या चार घमेल्यांना तुसाचे एक घमेले घालतात, तूस अमुक चाळणीने चाळतात, भट्टी इतका वेळ पेटती ठेवतात, हे अमुक सालापासून चालत आले आहे, आणि हे माल नेणाऱ्या अमुक अमुक गावच्या लोकांनी पाहिले आहे. जुनी बिले, बाजारात विकलेला जुना माठ, एखादा जुना फोटो, जे असेल ते सोबत जोडावे. मुंबईचे पेटंट कार्यालय अँटॉप हिलला आहे. कागद मराठीत असले तर त्यांचे प्रमाणित भाषांतर बरोबर द्यावे.